सोफ्यावरून उफिझी

संग्रहालय हा डोळ्यांचा नव्हे, पायांचा विषय आहे. युरोप करून आलेल्या कुणालाही विचारा. "फ्लॉरेन्सला काय पाहिलंत?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर "अहो, चालून चालून गुडघे गेले" हेच येतं. दुसरं उत्तर रांगेबद्दल, तिसरं पैसे मोजून जायच्या स्वच्छतागृहाबद्दल. चौथ्यात इटलीत उभ्याने प्यालेली कॉफी स्वस्त आणि टेबलाशी बसून प्यालेली महाग, हा शोध असतो. चित्रकार बोत्तिचेल्लीचा नंबर पाचवा, तोसुद्धा "ती शिंपल्यातली बाई" म्हणून. यात मला काही गैर वाटत नाही. एवढे पैसे भरून, एवढ्या लांब जाऊन, माणसाने आधी स्वतःच्या हालअपेष्टांविषयी बोलायचं नाही तर कुणाच्या?

कुणा हुशार माणसाने या सगळ्यातून पाय वजा केले. जे उरलं त्याला व्हर्च्युअल टूर म्हणतात. २०११च्या फेब्रुवारीत गुगलने जगातली १७ संग्रहालयं इंटरनेटवर मांडली, त्यांत फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरी होती. एका ढकलगाडीवर चहूकडे बघणारा कॅमेरा बसवला, गाडी दालनादालनांतून फिरवली, निघालेले फोटो एकमेकांना शिवले आणि जमिनीवर बाण ठेवून दिले. बाणावर बोट टेकवलं की आपण पुढे. तिकीट नाही, रांग नाही, सोमवार नाही. उफिझी सोमवारी बंद असते, आणि ही गोष्ट जगभरच्या पर्यटकांना दारासमोर उभं राहून, सोमवारीच कळते.

उफिझीची इमारत मुळात चित्रांसाठी बांधलेलीच नाही. १५६० साली कोझिमो मेदिची या सत्ताधीशाच्या मनात आलं की शहरभर विखुरलेल्या सगळ्या सरकारी कचेऱ्या एका छपराखाली आणाव्यात. वासारी नावाच्या चित्रकार-वास्तुकाराला त्याने कामाला लावलं. म्हणजे आज जिथे बोत्तिचेल्लीची ती शिंपल्यातली व्हीनस उभी आहे त्या वास्तूत एके काळी कारकून बसत, शिक्के मारत आणि लोकांना उद्या या म्हणत. पुढे मेदिचींनी वरच्या मजल्यावर आपली चित्रं, पुतळे मांडायला सुरुवात केली, कचेऱ्या हळूहळू हटल्या, पण रांग तेवढी गेली नाही. वास्तूच्या अंगात मुरलेलं काही सहजी जात नसावं.

कोझिमोला आणखी एक अडचण होती. घर नदीच्या पलीकडे, पित्ती महालात, आणि कचेरी अलीकडे. मधे शहर, आणि शहरात लोक. लोकांमधून चालत जाणं कुठल्याच सत्ताधीशाला आवडत नाही. तेव्हा १५६५ साली, मुलाच्या लग्नाचं निमित्त साधून, वासारीने पाच महिन्यांत एक बंदिस्त गल्ली उभी करून दिली. जुन्या राजवाड्यातून निघायचं, उफिझीतून जायचं, पोन्ते व्हेक्यो या जुन्या पुलावरच्या दुकानांच्या डोक्यावरून आर्नो नदी ओलांडायची आणि थेट घरी. वाटेत छोट्या खिडक्यांतून खालचं शहर दिसतं, शहराला मात्र आपण दिसत नाही. माझ्या मते जगातली पहिली व्हर्च्युअल टूर ती हीच. गर्दी नाही, धक्का नाही, सगळं बघायचं आणि कुठे असायचं नाही. (ही गल्ली बरीच वर्षं बंद राहून २०२४च्या डिसेंबरात सर्वसामान्यांना खुली झाली. आता तिथे जाण्यासाठीही रांग आहे.)

त्या व्यवस्थेत एकच उणीव राहिली होती. पुलावर खाटकांची दुकानं होती आणि वास खिडकीतून वर येई. १५९३ साली कोझिमोच्या मुलाने, फर्दिनांदोने, खाटकांना हलवून तिथे सोनार बसवले. ते आजतागायत आहेत. आपल्या व्हर्च्युअल टूरने हा प्रश्न मुळापासून सोडवला आहे. फ्लॉरेन्सचा कसलाही वास येत नाही. आम्ही टूर केली तेव्हा आमच्या घरी बोत्तिचेल्लीच्या दालनात लसणाच्या फोडणीचा वास येत होता, पण त्याबद्दल मेदिचींकडे तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

या घराण्यातल्या शेवटच्या वारसाबद्दल मात्र मनापासून आदर वाटावा. अॅना मारिया लुईझा. घराणं संपत आलं होतं, राज्य परक्या घराण्याकडे चाललं होतं, आणि नवे मालक भिंतींवरच्या वस्तू गाडीत घालून घेऊन जातील अशी रास्त शंका होती. १७३७ साली या बाईने करारच केला: चित्रं, पुतळे, ग्रंथ, जडजवाहीर, सगळं राज्याला दिलं, अट एवढीच की यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. हेतूही लिहून ठेवला. राज्याला शोभा, जनतेला उपयोग आणि परदेशी माणसांना कुतूहल. अठराव्या शतकातल्या बाईने पर्यटन खात्याचं धोरण एका कलमात बसवलं. आता या कराराच्या नजरेतून व्हर्च्युअल टूरचं काय करायचं? वस्तू तर तिथेच आहे आणि आमच्या दिवाणखान्यातही आहे. लॉकरमधले दागिने लॉकरातच ठेवून सगळ्या भावकीला दाखवावेत, अशातला हा प्रकार. बाई हयात असत्या तर एखादं कलम त्यांनी वाढवलंच असतं.

आमच्या दिवाणखान्यात तेव्हा आई होती, बायको आत-बाहेर करत होती, माउस चिरंजीवांच्या ताब्यात होता, आणि डोळे तपासायला कोल्हापूरहून आलेले मामा सोफ्यावर मांडी घालून बसले होते. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना बाहेर जायला बंदी होती. म्हणून त्यांना फ्लॉरेन्सला नेलं.

व्हर्च्युअल टूरमध्ये माणूस पहिल्यांदा काय पाहतो? छत. दुसऱ्यांदा फरशी. मग एकदम भिंतीत तोंड खुपसलेल्या अवस्थेत आग विझवायचं नळकांडं. चित्र दिसायला वेळ लागतो, कारण कॅमेऱ्याला चित्र आणि नळकांडं यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी सगळं सारखंच बघण्याजोगं. प्रत्यक्षात आपण दालनात शिरलो की जिथे गर्दी आहे तिकडे वळतो आणि त्यालाच रसिकता म्हणतो. इथे गर्दी नाही, त्यामुळे महत्त्वाचं काय ते सांगणारं कुणी नाही. आईने तेवढ्यात खिडक्या मोजून, "इतक्या काचा पुसतं कोण?" असं विचारलं. उफिझीबद्दल इतका मूलभूत प्रश्न मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

कॅमेऱ्याच्या अडाणीपणाच्या आणखीही कथा आहेत. काही महालांत तो आरशासमोरून गेला आणि स्वतःचाच फोटो काढून बसला. राजेशाही सोनेरी चौकट आणि आत राजा-राणीच्या जागी चाकांवरचं भूत. शिवाय रस्त्यावरच्या माणसांची ओळख लपवायला त्यांचे चेहरे आपोआप पुसट करण्याची त्याला सवय लावलेली आहे. तिच्यापायी काही संग्रहालयांत पुतळ्यांचे आणि तसबिरींचेही चेहरे पुसट झाले. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या सरदाराची खासगी माहिती सुरक्षित राहिली. केंब्रिजमध्ये नदीकाठी चरणाऱ्या एका गाईचाही चेहरा २०१६ साली असाच झाकलेला आढळला. त्या गाईने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

पण व्हीनस खरोखर बघावी ती पडद्यावरच, हे मान्य करायला हवं. उफिझीत त्या चित्रासमोर जे दिसतं ते म्हणजे वर उचललेले फोन, आणि त्या प्रत्येक फोनमध्ये एकेक छोटी व्हीनस. इंटरनेटवर मात्र ते चित्र अब्जावधी ठिपक्यांत उतरवलेलं आहे. जवळ जा, आणखी जवळ जा. चेहरा जातो, गाल जातो, आणि पाचशेहून अधिक वर्षांचा रंग बारीक भेगांसह उरतो. केसांत बोत्तिचेल्लीने चक्क सोनं वापरलंय. ते सांगितल्यावर आईने चष्मा लावला. "खरं सोनं?" "खरं." "आणि अंगावर एक वस्त्र घ्यायला नाही जमलं?" तेवढ्यात बेल वाजली आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती द्यायला खजिनदार आले. चिरंजीवांनी घाईघाईने बाण दाबला आणि आम्ही तित्सियानच्या 'उर्बिनोची व्हीनस'समोर जाऊन पोचलो. ही बाई तर आरामात आडवी पडलेली आहे आणि सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघते. या चित्रावर मार्क ट्वेनसारखा विनोदी लेखकही भयंकर संतापला होता. आमचे खजिनदार संतापले नाहीत. ते पावती हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग "कुठलं चॅनल हे?" असं म्हणाले.

ही अडचण मोठमोठ्यांना आलेली आहे. फ्लॉरेन्सच्या अकादेमिया गॅलरीत मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा आहे. त्याची प्लास्टरची पूर्ण उंचीची नक्कल १८५७ साली इंग्लंडच्या राणीला भेट म्हणून गेली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. राजघराण्यातल्या स्त्रिया बघायला आल्या की लावण्यासाठी अंजिराचं एक भलंमोठं प्लास्टरचं पान तयार ठेवलेलं असे. दोन आकड्यांवर अडकवायचं, पाहुण्या गेल्या की काढायचं. पानही तिथे जपून ठेवलंय. आमच्याकडे ते काम रिमोटला करावं लागतं.

डेव्हिडवरून आठवलं. पडद्यावर सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो आकाराचा. हा पुतळा ५.१७ मीटर उंच आहे, म्हणजे आमच्या घरात उभा करायचा तर वरच्यांच्या स्वयंपाकघरात त्याचं डोकं निघेल. १५०१ ते १५०४ या काळात तो घडत होता, आणि मुळात तो कॅथीड्रलच्या माथ्यावर चढवायचा होता. त्याचे हात आणि डोकं जरा जास्तच मोठं वाटतं ते त्यामुळेच, असं पुष्कळ जण म्हणतात. खालून मान मोडेपर्यंत बघायची ती वस्तू. आमच्या ४३ इंची टीव्हीवर तो आला तो वीतभर होऊन, आणि त्याच्या पाठोपाठ आलेलं मेदिचींचं एक नाणंही नेमकं तेवढंच. समतेचं तत्त्व इतक्या पूर्णपणे कुठल्या क्रांतीने अमलात आणलेलं नाही. मामा म्हणाले, "हा तर आमच्या तालमीतल्या पोरांपेक्षा बारका दिसतोय की." मी मीटर सांगितले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "असेल" म्हणून विषय संपवला.

व्हर्च्युअल टूरचे फायदेही नाकारता येणार नाहीत. २०२५च्या जूनमध्ये उफिझीत एक पर्यटक मेदिचींच्याच, पण नंतरच्या, राजपुत्र फर्दिनांदोच्या भव्य तसबिरीसमोर राजपुत्रासारखीच ऐट करून फोटो काढून घेत होता. मागे मागे सरकताना तोल गेला, हात चित्रावर, आणि कॅनव्हासला भोक. आपल्या सोफ्यावरून हे होणे नाही. फार तर झोपून बघताना फोन नाकावर पडेल.

वैद्यकीय फायदाही आहे. १८१७ साली फ्रेंच लेखक स्तांदाल याने लिहून ठेवलं की फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमधून बाहेर पडताना सौंदर्याच्या माऱ्याने त्याची छाती धडधडू लागली, आता पडतो की काय असं झालं. पुढे १९७०च्या दशकात तिथल्या एका इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञ ग्रात्सिएला मागेरिनी यांना असे पर्यटक सारखे येताना दिसले. चित्रं पाहून घेरी, घाम, गोंधळ. त्यांनी या प्रकाराला स्तांदालचं नाव दिलं. सोफ्यावर हा विकार होत नाही. मामांना मधे चक्कर आली खरी, पण ती सौंदर्याने नव्हे. चिरंजीवांनी माउस एकदम गरकन फिरवला होता. लिंबूपाणी दिल्यावर गेली.

उफिझीच्या शेजारीच, नदीकाठी, गॅलिलिओच्या नावाचं विज्ञान संग्रहालय आहे आणि त्याचीही टूर आहे. दुर्बिणी, पृथ्वीचे गोल, उष्णतामापकं असं पुष्कळ काही आहे. पण मुलं बघतात ते अंड्याच्या आकाराच्या काचेत उभं ठेवलेलं गॅलिलिओच्या उजव्या हाताचं मधलं बोट. १७३७ साली त्याचे अवशेष सान्ता क्रोचेमध्ये मानाने हलवताना भक्तांनी ते काढून घेतलं. ज्याला चर्चने आयुष्याच्या अखेरीला नजरकैदेत ठेवलं, त्याचं नेमकं तेच बोट वर करून ठेवण्यात कुणाचा खट्याळपणा होता की निव्वळ योगायोग, हे समजायला मार्ग नाही. चिरंजीवांनी त्या फोटोचं काय केलं असेल याची कल्पना त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर असलेल्यांना आहे.

२०२०च्या मार्चमध्ये इटली बंद झाली तेव्हा उफिझीही बंद झाली. फ्लॉरेन्सला हे नवं नव्हतं. १३४८च्या प्लेगमध्ये शहर सोडून गेलेल्या दहा तरुणांच्या गोष्टी बोकाचिओने 'डेकामेरॉन'मध्ये लिहिल्या, आणि उफिझीने आपल्या ऑनलाइन उपक्रमाला त्याच पुस्तकाचं नाव दिलं. त्याच वसंतात ती टिकटॉकवरही गेली. बोत्तिचेल्लीच्या बायका तिथे सुरात ओठ हलवायला लागल्या. जाणकारांनी नाकं मुरडली.

नाकाचा विषय निघाला तर उर्बिनोच्या ड्यूकपाशी थांबायलाच हवं. पिएरो देला फ्रांचेस्काने काढलेलं हे चित्र: लाल टोपी, लाल अंगरखा, आणि जिन्याची पायरी असावी तसं मधेच खाचलेलं नाक. ड्यूक पूर्ण बाजूने दिसतो, कारण त्याचा उजवा डोळा द्वंद्वाच्या खेळात गेलेला होता; चित्रकाराने शाबूत बाजू काढली. मामा पुढे सरकले. डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाला एक डोळा गेलेल्याविषयी वाटणारी आपुलकी असेल. "ए, दुसऱ्या बाजूनं फिरव की जरा." चिरंजीव म्हणाले, "मामाआजोबा, ते चित्र आहे." "मग ही टूर कसली?" मामांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ड्यूकच्या चित्रामागेही पिएरोने चित्र रंगवलंय, रथात बसलेला ड्यूक, आणि प्रत्यक्ष गेलेला माणूस मागे जाऊन ते पाहू शकतो. आम्ही चित्रामागे जायला बाण दाबला तर पुढच्या दालनात गेलो.

मग मामा एकदम म्हणाले, "थांब थांब. हे फ्लॉरेन्स म्हणजे आपल्या राजाराम महाराजांचं फ्लॉरेन्स का रे?"

होतं. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंड पाहायला गेले, आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हा तिथे दहनाची परवानगी नव्हती. खास मुभा काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी अग्निसंस्कार झाला. १८७४ साली त्याच जागी, काशीने उद्यानाच्या टोकाला, छत्री उभी राहिली. आत रंगीत अर्धपुतळा, चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने केलेला. गावकरी त्या जागेला 'भारतीयाची' जागा म्हणतात, आणि विसाव्या शतकात जवळ बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडलं.

"आपल्या महाराजांची छत्री तिथं आहे, आणि तू मला हा नाकवाला दाखवत बसलाईस व्हय?" मामांनी मांडी मोडली.

आम्ही उफिझी सोडली. काशीने उद्यान कुठल्याच संग्रहालयाच्या टूरमध्ये नाही, तेव्हा नकाशातल्या रस्त्यांवरून निघालो. नदीकाठाने, एकेक बाण दाबत. पुष्कळ झाडं, सायकलवाले, चेहरा पुसट केलेली माणसं. टूरमध्ये न सापडलेलं चालणं इथे सापडलं. आईसुद्धा फोडणीचं विसरून वाट दाखवायला लागली. "डावीकडं घे रे. नदी सोडू नको. संगमावर आहे म्हणतोय ना दादा, मग नदी सोडून कसं चालेल?" व्हीनसपाशी न दिसलेली एकाग्रता होती. कुठे घुमटी दिसली की मामा, "हीच काय?" असं विचारायचे. शेवटी खरी दिसली, आणि आतले फेट्यातले महाराजही, कुणा प्रवाशाने टाकलेल्या फोटोत. मामांनी डोळे पुसले. थेंबांमुळे असं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी शर्टाची बटणं नीट केली, टीव्हीच्या कडेला ताठ उभे राहिले आणि चिरंजीवांना फोटो काढायला लावला. टीव्हीची चौकट येऊ द्यायची नाही ही सूचनाही त्यांचीच. फोटो घराण्याच्या ग्रुपवर गेला, खाली "फ्लॉरेन्स, इटली येथे महाराजांना मुजरा". पाचच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. इचलकरंजीच्या मावशींना थंडी कितपत आहे ते हवं होतं. सांगलीच्या एका भाच्याला व्हिसा किती दिवसांत मिळतो ते. मामी कोल्हापुरातून फक्त एवढंच विचारत होत्या की डोळ्यांत थेंब घातलेले असताना विमानात बसू कसं दिलं आणि परत कधी येणार.

मामांनी थोडा विचार केला आणि टाइप केलं, "मंगळवारी. उद्या सोमवार, इथलं म्युझियम बंद असतं."